तापलेली वस्तू उजळते का? आणि सगळ्या वस्तू एकाच तापमानाला लाल का होतात?

टिवल्याबावल्या

उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण हे शाळेत घोकलं होतं, त्यातलं प्रारण अजून घशाखाली उतरलेलं नाही. लोखंडाची सळई तापवली की बराच वेळ ती काळीच राहते, मग काळपट लाल, मग नारिंगी, पिवळी, आणि भट्टी जोरात असेल तर पांढरी होते. माझ्या शंका तीन आहेत.

पहिली, हा उजेड येतो कुठून? काही जळत असतं म्हणावं, तर दिव्याच्या बल्बमध्ये हवाच नसते आणि तार तरी उजळते. दुसरी, सुरुवात नेहमी लालनेच का? निळी किंवा हिरवी का होत नाही? तिसरी शंका मला सगळ्यात जास्त छळते. लोखंड, वीट, ग्रॅफाइट, काहीही तापवा, साधारण एकाच तापमानाला लाली येते असं वाचलं. पण शोभेच्या दारूत तर तांबं हिरवा-निळा रंग देतं, सोडियम पिवळा आणि स्ट्रॉन्शियम लाल. तिथे प्रत्येक मूलद्रव्याचा रंग वेगळा, मग इथे सगळे एका माळेचे मणी कसे?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी अभावितपणे झाली आहे, चालवून घ्या.)

---

पामर

उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेत जातो, तिथून खाली येताना प्रकाश सोडतो. बारावीत एवढंच लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळाले होते. पुढचा प्रश्न विचारा.

---

विद्युल्लता

पामर, ते उत्तर निऑनच्या दिव्याचं आहे. सळईला लावलं की टिवल्याबावल्यांची तिसरी शंका तिथेच आडवी येते. ठरावीक कक्षांमधल्या उड्यांमुळे प्रकाश पडत असता तर ठरावीकच रंग मिळाले असते, म्हणजे वर्णपटात सुट्या रेषा दिसल्या असत्या. तापलेल्या सळईचा वर्णपट सलग असतो, मध्ये कुठे खंड नाही.

विद्युतभारित कण हिंदकळला, म्हणजे त्याचा वेग किंवा दिशा बदलली, की तो विद्युतचुंबकीय लहरी सोडतो. आकाशवाणीच्या मनोऱ्यात हेच आपण मुद्दाम, एका तालात करतो. सळईत मोकळे इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धडकत असतात, अणू जागच्या जागी थरथरत असतात. हा गोंधळ म्हणजेच तापमान. त्यात एक ताल नाही, सगळ्या तालांची सरमिसळ आहे, म्हणून बाहेर पडणाऱ्या लहरीही सगळ्या लांबीच्या. ज्वालेतल्या विरळ वाफेत अणू सुटेसुटे असतात आणि प्रत्येक जण आपलाच सूर लावतो. घन पदार्थात ते इतके दाटीवाटीने बसलेले असतात की ऊर्जेचे सुटे टप्पे पसरून एकमेकांत मिसळतात. शिवाय आत निर्माण झालेला प्रकाश बाहेर येईपर्यंत असंख्य वेळा शोषला जातो आणि पुन्हा सोडला जातो. एवढ्या घुसळणीत मूळ अणू कोणता होता याची खूण पुसली जाते, उरतं ते फक्त तापमान.

आता मुख्य मुद्दा. सळई लाल झाली तेव्हा तिने प्रकाशायला *सुरुवात* केलेली नसते. ती भट्टीत घालण्यापूर्वीही प्रकाशतच होती. तुमच्यासमोरचं टेबल, भिंत, तुम्ही स्वतः, सगळेच आत्ता या क्षणी प्रारण सोडताय. ते अवरक्त, म्हणजे लालपेक्षा लांब लहरींचं आहे, डोळ्यांना दिसत नाही, इतकंच. ३०० केल्विनला, म्हणजे २७ अंश सेल्सियसला, आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ४६० वॅट बाहेर पडतात.

---

शंकासुर

हे पटत नाही. सगळं कायमच प्रकाशत असेल, तर तापवताना लाली हळूहळू चढायला हवी. प्रत्यक्षात ५०० अंशांच्या आसपासपर्यंत काहीही दिसत नाही आणि मग एकदम दिसायला लागतं. असा उंबरठा आहे म्हणजे तिथे काहीतरी नवीन सुरू होतंय. पाणी १०० अंशांना उकळतं तसं काहीतरी.

आणि ४६० वॅट? माझ्या अंगाचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या जवळपास असेल. मग मी घरात बसल्या बसल्या ८००-९०० वॅटने उधळपट्टी करतोय म्हणायचं? असं असतं तर संध्याकाळपर्यंत गोठून गेलो असतो.

---

पामर

शंकासुर म्हणजे हीटर! थंडीत तुमच्याकडे यायला हरकत नाही.

---

विद्युल्लता

८००-९०० हा आकडा अगदी बरोबर आहे. पण भिंती, छत, जमीन हेही तुमच्याकडे प्रारण पाठवत असतात ना! ती आवक जवळजवळ तेवढीच. खोली त्वचेपेक्षा दहाएक अंशांनी गार असेल तर निव्वळ तोटा उघड्या अंगाला शंभर वॅटच्या आसपास पडतो, कपडे घातले की आणखी कमी. तेवढं आपलं शरीर भरून काढतं. आणि ही उधळपट्टी टिपणारे कॅमेरे असतात. अंधारात माणूस शोधायला वापरतात ते थर्मल कॅमेरे हेच साडेनऊ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचं प्रारण पाहतात.

आता उंबरठा. उकळण्यासारखं इथे काहीच घडत नाही, पण वाढ इतकी भयानक वेगाने होते की उंबरठ्याचा भास होतो. गर्दीची सरासरी उंची चार बोटं वाढली तर सरासरी माणसात फारसा फरक जाणवणार नाही, पण सात फुटांच्या वरची माणसं मोजलीत तर ती कितीतरी पटींनी वाढलेली असतील. टोकाकडचा हिशेब असाच असतो. दिसणारा प्रकाश हे साध्या तापमानाच्या प्रारणाचं अगदी टोक आहे.

आकडे मीच काढलेत, कुणीही ताडून पाहावेत. तरंगलांबी ७०० नॅनोमीटरपेक्षा कमी असलेले, म्हणजे डोळ्याला लाल किंवा त्यापलीकडचे दिसू शकतील असे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजू. २७ अंशांना एक चौरस मीटर काळ्या पृष्ठभागातून असा एक फोटॉन बाहेर पडायला सरासरी दोनेक तास लागतात. हो, एक. तोच पृष्ठभाग ८०० केल्विनला, म्हणजे ५२७ अंशांना न्या. आता एका चौरस *सेंटीमीटरमधून* दर सेकंदाला सुमारे १५ हजार कोटी सुटतात. एकूण प्रारण मात्र तेवढ्यात जेमतेम ५० पट वाढलंय, कारण ते तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ५० पट एकीकडे आणि एकावर एकोणीस शून्यं दुसरीकडे. या चढणीवर डोळ्याची दिसण्याची पातळी कुठेतरी ओलांडली जाते, आणि ती झरकन ओलांडली जाते. तो तुमचा उंबरठा. तो डोळ्याचा आहे, लोखंडाचा नाही.

---

टिवल्याबावल्या

दोन तासांत एक फोटॉन! हे डोक्यातून जाणार नाही आता.

म्हणजे लाल आधी का, याचं उत्तरही यातच आहे? टोकाकडून आत येताना पहिला रंग लाल लागतो म्हणून?

---

विद्युल्लता

अगदी. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तोही सांगून टाकते. 'सळई लाल दिसते, कारण ती लाल प्रकाश सर्वांत जास्त सोडते' असं सर्रास लिहिलेलं असतं. ५२५ अंशांच्या सळईचं प्रारण ३.६ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतं. लाल रंगाच्या पाचपट लांब, पुरतं अवरक्त. सर्वाधिक प्रारण खरोखर लाल रंगात, ०.७ मायक्रॉनला यायचं तर ४१०० केल्विनच्याही वर जावं लागेल. लोखंड तोपर्यंत वितळून, उकळून, वाफ होऊन गेलेलं असतं, कारण ते ३१०० केल्विनच्या थोडं वर उकळतं. बल्बमधला टंगस्टनसुद्धा ३४२२ अंश सेल्सियसला, म्हणजे ३७०० केल्विनच्या अलीकडेच वितळतो. म्हणजे आजवर तुम्ही पाहिलेली प्रत्येक लालबुंद सळई खरं तर अवरक्तात धगधगत होती, आणि तुम्हाला दिसली ती वरवर सांडलेली लाली. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जायची ती याचमुळे.

---

ऐरण

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी पोलादाच्या हीट ट्रीटमेंटमध्ये आयुष्य काढलं. वरचं गणित मला येत नाही, पण डोळ्याच्या उंबरठ्याबद्दल सांगू शकतो.

५२५ अंशांना लाली दिसते ती खोलीत अंधार असेल तर. दाराशी, उन्हात काढून ठेवलेला साडेपाचशे-सहाशे अंशांचा तुकडा सरळ काळा दिसतो. आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतात, लालला कुणी हात लावत नाही, भाजतं ते काळं लोखंड. म्हणून हात उलटा करून आधी दुरून धग घ्यायची, मगच चिमटा.

हाताखाली पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं उपकरण) नसायचा तेव्हा रंगावरच काम चालायचं. साधारण हिशेब असा की ६००च्या आसपास काळपट लाल, साडेसातशेच्या आसपास चेरीसारखा लाल, साडेनऊशेला नारिंगी, अकराशेला पिवळा, तेराशेच्या पुढे पांढऱ्याकडे. पण सकाळचा लाल आणि दुपारचा लाल वेगळे दिसतात, म्हणून भट्टीजवळचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवायचा. रंगावर भरवसा नसला की लोहचुंबक लावून बघायचा. ७७० अंशांच्या वर पोलादाला चुंबक चिकटत नाही, तिथून थोडं वर नेलं की पाणी देण्याइतकं, म्हणजे बुडवून कडक करण्याइतकं, तापलं.

भट्टीतली एक गंमत मला अजून पुरती उलगडलेली नाही. माल भरून दार लावलं की सुरुवातीला झरोक्यातून आतला प्रत्येक नग स्पष्ट दिसतो, नग काळे आणि भिंती लाल. जसजसा माल भट्टीच्या तापमानाला येतो, तसतशा नगांच्या कडा पुसट होतात. शेवटी सगळं एकसारखं पिवळं. नग कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळतच नाही. नग दिसेनासे झाले की माल तयार, असं आमचे वस्ताद म्हणायचे. उजेड एवढा लख्ख असताना दिसत का नाही?

---

विद्युल्लता

ऐरण, तुमच्या वस्तादांनी टिवल्याबावल्यांच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय.

बंद भट्टी आहे, आत सगळ्याचं तापमान एकसारखं. समजा तुमचा नग भिंतीपेक्षा जास्त उजळ दिसला, म्हणजे त्याच्याकडून येणारं एकूण प्रारण जास्त. मग तो घेतो त्यापेक्षा जास्त देणार, म्हणून आपोआप गार होत जाणार, आणि भिंत आपोआप तापणार. सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंत कुणी न ढकलता उष्णता एकीकडून दुसरीकडे वाहू लागली. उष्मागतिकीचा दुसरा नियम हे चालू देत नाही. म्हणून नगाला भिंतीइतकंच उजळ दिसावं लागतं. नग लोखंडाचा असो, विटेचा असो, खडबडीत असो वा गुळगुळीत. हाच विचार एकेका रंगापुरताही लागू पडतो, कारण मध्ये एकच रंग जाऊ देणारी गाळणी बसवली तरी तोच घोटाळा झाला असता. कडा दिसायला फरक लागतो. फरकच उरला नाही, तर प्रकाश कितीही असो, दिसणार काय?

याला किरखोफचा नियम म्हणतात, काळ १८५९-६०. जी वस्तू एखाद्या रंगाचा जेवढा भाग शोषते, तेवढ्याच प्रमाणात ती तापल्यावर तो रंग सोडते. पूर्ण शोषणारी, म्हणजे गार असताना काळीकुट्ट वस्तू सर्वांत जास्त उजळते. म्हणूनच 'ब्लॅक बॉडी', कृष्णवस्तू. सूर्याला कृष्णवस्तू म्हणतात ते ऐकून विद्यार्थी हसतात, पण अर्थ हाच आहे.

---

शंकासुर

थांबा. आधी म्हणालात की सगळ्या वस्तू एकाच तापमानाला सारख्याच उजळतात, आता म्हणता काळी जास्त उजळते. दोन्ही कसं खरं?

---

विद्युल्लता

चांगलं पकडलंत. भट्टीच्या *आत* सगळं सारखं, कारण चकचकीत नग स्वतः कमी सोडतो, पण भिंतींचं प्रारण परावर्तित करून बरोब्बर तेवढीच तूट भरून काढतो. *बाहेर* काढलात की परावर्तित व्हायला भोवती भट्टी उरत नाही, मग खरं रूप दिसतं.

पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर काळी नक्षी घ्या. चांगला लाल होईपर्यंत तापवा आणि अंधारात बाहेर काढा. नक्षी उजळ आणि पांढरा भाग मंद, असं उलटं चित्र दिसतं. भौतिकशास्त्रज्ञ बॅल्फोर स्टुअर्टने हे दाखवलं होतं. वितळलेल्या स्वच्छ क्वार्ट्झ काचेचा दांडा हजार अंशांना तापवला तरी शेजारच्या पोलादापुढे फिकाच पडतो. तो दिसणारा प्रकाश शोषत नाही, म्हणून सोडतही नाही.

पण बहुतेक ओबडधोबड पदार्थ दिसणाऱ्या प्रकाशाचा निम्मा-अधिक भाग शोषतात. दुप्पट-तिपटीचा फरक त्या एकोणीस शून्यांच्या चढणीपुढे कुठे लागतो? उंबरठा फार तर वीस-तीस अंश सरकतो. म्हणून 'सगळे एकाच तापमानाला लाल' हे व्यवहारात खरं ठरतं.

---

बखरकार

धागा रंगलाय, थोडा इतिहास.

सगळे पदार्थ एकाच तापमानाला लाल होतात हे पहिल्यांदा नोंदवलं ते टॉमस वेजवुडने, १७९२ मध्ये. घरचा धंदा चिनी मातीच्या भांड्यांचा, म्हणजे भट्टीत डोकावण्यातच हयात गेलेली माणसं. ऐरण, तुमच्याच पंथातले. पुढे १८४७ मध्ये जॉन विल्यम ड्रेपरने बंदुकीच्या नळीत वेगवेगळे पदार्थ घालून ती तापवली आणि आत पाहिलं. जवळपास सगळे एकाच वेळी लाल. त्याचा आकडा ९७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५२५ सेल्सियस. त्याला आजही ड्रेपर बिंदू म्हणतात.

१८८७ मध्ये हाइनरिख वेबरने (आइनस्टाइनला झुरिकला शिकवणारा तोच) आणखी खोलात जाऊन पाहिलं. पूर्ण अंधारात डोळे सरावलेले असतील, तर लालच्या कितीतरी आधी, ४०० अंशांच्या आसपास, एक धूसर, बिनरंगी उजेड दिसतो. डोळ्यातल्या मंद प्रकाशाच्या पेशींना रंग कळत नाहीत, म्हणून तो राखाडी. तेव्हा विद्युल्लताताईंच्या 'उंबरठा डोळ्याचा' या म्हणण्याला दुजोरा.

आता प्लांक, या प्रारणाचं बरोबर सूत्र देणारा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. पाठ्यपुस्तकांत गोष्ट अशी असते की जुन्या सिद्धांताने जंबुपार (जांभळ्याच्या पलीकडच्या) भागात अनंत ऊर्जा निघत होती, त्या संकटातून सोडवायला प्लांक धावून आला. वाचायला झकास, पण क्रम असा नव्हता. 'जंबुपार अनर्थ' हे नाव भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टने १९११ मध्ये दिलं. प्लांकपुढची अडचण उलट्या टोकाची होती. वीन या भौतिकशास्त्रज्ञाचं १८९६ चं प्रारणाचं सूत्र लहान तरंगलांबीला उत्तम जुळत होतं, बिघडत होतं ते लांब अवरक्तात. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या सरकारी मापनसंस्थेत लुमर, प्रिंग्सहाइम, रुबेन्स, कुर्लबाउम ही मंडळी वर्षानुवर्षं मोजमापं करत होती. या कामाला दिव्यांच्या उजेडाचं पक्कं माप हवं हेही एक कारण होतं. ७ ऑक्टोबर १९०० ला रुबेन्स सपत्नीक प्लांककडे गेले आणि बोलता बोलता नवे आकडे सांगितले. प्लांकने सूत्र जुळवलं, १९ ऑक्टोबरला मांडलं. ते का बरोबर येतंय हे शोधताना, ऊर्जा सुट्या पुंजांत वाटली तरच जमतं असं निघालं, आणि ते १४ डिसेंबरला मांडलं. पुंजवादाची (क्वांटम सिद्धांताची) जन्मतारीख म्हणून हीच सांगतात.

त्या सूत्राच्या सिद्धतेत जुन्या आणि नव्या कल्पनांची खिचडी होती. ती साफ केली सत्येंद्रनाथ बोस यांनी, १९२४ मध्ये, ढाका विद्यापीठात असताना. लेख आइनस्टाइनकडे धाडला, त्याने स्वतः जर्मन भाषांतर करून छापवून आणला. फोटॉनसारख्या कणांच्या वर्गाला बोसॉन हे नाव त्यातूनच. तापलेल्या सळईकडे पाहताना आपल्याला बोस आठवत नाहीत, आठवायला हवेत.

---

विद्युल्लता

बखरकारांना +१. पुंजाचा आणि त्या चढणीचा संबंध जोडून देते. लाल फोटॉन अर्धा सोडता येत नाही, सोडला तर अख्खा. २७ अंशांना एका कंपनाच्या वाट्याला येणाऱ्या सरासरी ऊर्जेच्या जवळपास ६८ पट ऊर्जा एका लाल फोटॉनला लागते. एवढी ऊर्जा योगायोगाने एका जागी गोळा होणं जवळजवळ अशक्य, म्हणून दोन तासांत एक. निळ्याला लालपेक्षा जास्त लागते, म्हणून तो आणखी उशिरा येतो. ऊर्जा हव्या तेवढ्या बारीक तुकड्यांत सोडता आली असती तर गार सळईनेही निळा, जंबुपार, सगळं भरभरून सोडलं असतं. गार वस्तू अंधारात दिसत नाहीत हाच पुंजवादाचा रोजचा पुरावा म्हणा हवं तर.

---

मृगशीर्ष

आकाशातही हाच रंगक्रम दिसतो. मृग नक्षत्रातली काक्षी तांबूस, पृष्ठभाग सुमारे ३५०० केल्विन. त्याच नक्षत्रातला राजन्य निळसर पांढरा, १२,००० केल्विनच्या आसपास. दोन्ही एका नजरेत येतात, दुर्बीण लागत नाही. विद्युल्लताताईंचंच म्हणणं इथेही लागू आहे. काक्षी सर्वाधिक सोडते अवरक्त, राजन्य सर्वाधिक सोडतो जंबुपार. कुठला रंग किती याचा आलेख टेकाडासारखा असतो; आपल्याला दिसतो तो दोघांच्या टेकाडाचा उतार, एकाचा या बाजूचा, दुसऱ्याचा त्या बाजूचा.

हिरवा तारा का नाही हा टिवल्याबावल्यांचा प्रश्न राहिलाच. सूर्य ५७७२ केल्विन, सर्वाधिक प्रारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्यात. पण टेकाड इतकं रुंद आहे की लाल, पिवळा, निळा सगळेच भरपूर येतात आणि मिळून पांढरं दिसतं. तापमान कितीही वाढवलं तरी पांढऱ्यानंतर फिकट निळा येतो आणि रंग तिथेच थांबतो. जांभळा कधीच नाही.

मला एक खटकतंय. सूर्य वायूचा आहे. वायूने सुट्या रेषा द्यायला हव्यात असं वर आलंय. मग सूर्याचा वर्णपट सलग कसा?

---

विद्युल्लता

जाडीमुळे. हातभर जाडीची हवा आरपार दिसते, पण पुरेसा जाड थर घेतला तर कुठलाही वायू अपारदर्शक होतो आणि मग किरखोफच्या नियमाने कृष्णवस्तूसारखा वागतो. फक्त सर्व रंगांत थोडंफार शोषण हवं. सूर्यात ते काम कोण करतं हे बराच काळ कोडं होतं. खगोलशास्त्रज्ञ रूपर्ट विल्टने १९३९ मध्ये सुचवलं की हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटून ऋण आयन बनतो, तो इतका सैल असतो की जवळपास कुठल्याही रंगाचा फोटॉन त्याला उडवून लावतो. म्हणून सर्वच रंग शोषले जातात आणि सोडलेही जातात. पुढे चंद्रशेखर यांनीही त्यावर बरीच आकडेमोड केली. रेषा दिसतात, पण काळ्या, वरच्या किंचित गार थरांनी खाल्लेल्या.

---

पामर

मग गॅसची निळी ज्योत सूर्यापेक्षा गरम? आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी 'निळी ज्योत जास्त गरम' असंच शिकवलं होतं.

---

विद्युल्लता

तुलना मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीशी केली तर बहुधा खरं, कारण मात्र वेगळं. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेल्या काजळीचे कण, १४०० अंशांच्या आसपास तापून उजळलेले. ही खरी सळईची जातभाई. निळा रंग येतो तो तुटलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूतुकड्यांकडून. तो तापमानाचा रंग नव्हे, रासायनिक क्रियेचा. तापण्यामुळे तसा निळा रंग यायचा तर दहा हजारांच्या पुढे जावं लागेल, गॅसची ज्योत दोन हजारांच्या आसपासच राहते. विरळ, पारदर्शक वायू स्वतःच्या तापमानाने फारसा उजळत नाही. त्याच निळ्या ज्योतीत पोलादाची तार धरा, तार भगभगीत उजळेल.

काजवा आणि एलईडी हेही या हिशेबाबाहेरचे. तिथे ऊर्जा तापमानातून जातच नाही.

---

बखरकार

गॅसबत्तीचं मँटल (ज्योतीवरची जाळी) याच हिकमतीवर, ज्योतीत घन पदार्थ धरायचा. कार्ल आउअरने १८९१ मध्ये जमवलेलं मिश्रण म्हणजे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड अवरक्तात फारच कंजूष, त्यामुळे मँटल उष्णता न गमावता ज्योतीच्या तापमानाजवळ पोचतं. चिमूटभर सेरियम दिसणारा प्रकाश शोषतं, म्हणून सोडतंही. ज्योत तीच, उजेड कितीतरी पट.

---

टिवल्याबावल्या

विद्युत शेगडीची कॉइल मोबाइलमधून पाहिली तर गुलाबी-जांभळट दिसते, डोळ्याला मात्र नारिंगी. बाकीचे रंग बरोबर येतात. कॅमेरा खराब?

---

विद्युल्लता

कॅमेरा ठणठणीत. त्याचा सिलिकॉन सेन्सर एक मायक्रॉनपर्यंतचं अवरक्त पाहू शकतो. ते अडवायला गाळणी असते, पण पूर्ण अडवत नाही. कॉइल लालपेक्षा कितीतरी जास्त अवरक्त सोडते, त्यातलं झिरपलेलं सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही खान्यांत शिरतं. निळ्या खान्यात निळा प्रकाश नसताना भर पडते, म्हणून जांभळट छटा.

---

शंकासुर

ऐरण, एक राहिलं. पोलादाला ३०० अंशांच्या आसपास सुंदर निळा रंग येतो, त्याआधी गवती पिवळा. इथे तर पिवळा आधी आणि निळा नंतर, आणि तेही ड्रेपर बिंदूच्या खूप खाली. वरचं सगळं गणित कोसळलं की!

---

ऐरण

नाही कोसळत. तो उजेड नाही, तो थर आहे. पोलाद तापताना वर ऑक्साइडची पातळ कातडी धरते, आणि पाण्यावर तेलाचा तवंग जसे रंग दाखवतो तसे ते रंग. अंधारात नेलं की गायब, आणि गार झाल्यावरही तसेच राहतात, यावरून ओळखायचं. २२० अंशांच्या सुमारास गवती, ३००च्या सुमारास निळा. पाणी दिलेल्या हत्याराचा ठिसूळपणा काढताना आम्ही याच रंगांवर थांबतो, धारेच्या हत्याराला गवती, स्प्रिंगला निळा. पण तुकडा आधी घासून पांढरा केलेला हवा आणि तापमानात फार वेळ ठेवायचा नाही. वेळ वाढला तर कमी तापमानालाही निळा येतो आणि माणूस फसतो.

उजेडाची खरी गंमत बघायची असेल तर जास्त कार्बनची पोलादी तार घ्या, वीज सोडून नारिंगी करा, आणि अंधारात वीज बंद करून बघा. मंद होत जाते, ७०० अंशांच्या जवळपास पोचली की मध्येच पुन्हा उजळते, मग विझते.

---

विद्युल्लता

याला रिकॅलेसन्स म्हणतात. बॅरेटने १८७३ मध्ये वर्णन केलंय. त्या तापमानाला पोलादाची आतली स्फटिकरचना बदलते आणि अडकलेली उष्णता बाहेर पडते. तापमान थोडंसंच वर जातं, पण चढण तीच असल्याने डोळ्याला तो फरक लगेच कळतो. ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादात सर्वांत ठळक. ऐरण, तार किती जाडीची घ्यायची?

---

ऐरण

दोन मिलिमीटरच्या आसपास. फार बारीक घेतली तर इतकी झटकन गार होते की काही दिसायच्या आत खेळ संपतो. तार दोन टोकांना ताणून बांधा आणि मध्ये हलकं वजन लटकवा, उजळतानाच ती किंचित लांबते तेही दिसेल. खाली लाकूड, कागद काही नको. आणि विझली तरी हात लावू नका, काळी झाली तरी चारशे अंशांची असते.